ओळखा खिरापत

मुलांनो, परवा फोनवर धाकट्याने मला त्याच्या वाढदिवसाची यादी वाचून दाखवली. वर्गातल्या एका मुलाला बोलावणार नाही म्हणाला, कारण तो 'तिकडच्या' घरांत राहतो. तुमची आई त्याला रागावली. असली वाक्यं मुलं कुठून उचलतात ते मला नेमकं माहीत आहे, म्हणून हे लिहिते आहे. क्रमाने सांगते.

पाच वर्षांपूर्वी आमच्या सांगलीच्या सोसायटीत मी मुलींचा हादगा सुरू केला. नवरात्राच्या सुमारास संध्याकाळी हत्तीच्या चित्राभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायचं. तो खाऊ म्हणजे खिरापत. सोळा दिवस, सोळा घरं. मी वेळापत्रक करून लिफ्टशेजारी चिकटवलं. तुमच्या आजोबांनी विचारलं, "पहारा कोण देणार, तेही लिहिलंस का?"

आमच्याकडे स्वयंपाकाला एक बाई येतात. त्या सोसायटीतल्या आणखी पाच घरी करतात. त्यांची नऊ वर्षांची मुलगी पालिकेच्या शाळेतून सुटली की आईबरोबर घरोघरी असायची. तीही फेरात आली. पहिल्या दिवशी डबा हलवायच्या आधीच म्हणाली, "राजगिऱ्याचं लाडू." बरोबर! दुसऱ्या दिवशी, "वाटली डाळ." तेही बरोबर. मुलींना ती जादूगारीण वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या बाई डबा घेऊन आल्या. "ओळखा बरं! दुपारभर खपलेय मी."

"सुरळीच्या वड्या," मुलगी म्हणाली. "पण काकू, त्या आईनं केल्यात की. तुमी तवा घोरत हुता."

कुणीतरी फिसकन हसलं. बहुतेक मीच.

बाई वड्या भराभर वाटून वर निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आणि तुमची चुलत बहीण, तेव्हा आठ वर्षांची, दोघी कमरेवर हात ठेवून जिन्यात उभ्या होत्या. "तू फेरात यायचं नाहीस," तुमची बहीण त्या मुलीला सांगत होती. "हादगा सोसायटीतल्या मुलींचा आहे. तुमचं वेगळं, आमचं वेगळं. पण आपण प्रेमाने वागायचं. म्हणून तुझी खिरापत डब्यात भरून देऊ."

वाक्य माझं होतं. वर केलेलं बोटसुद्धा माझंच. ती मुलगी आमच्याकडे ओट्याखाली बसून जेवायची. आपणही तिथेच बसू का, असं तुमच्या बहिणीने एकदा विचारलं, तेव्हा मी हेच उत्तर दिलं होतं. इतकं समंजस बोललो म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

"मी वळकणार न्हाई," मुलगी म्हणाली. "त्वांड बंद ठेवते. पर फेर धरू द्या की."

"नाही."

ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. मी तुमच्या बहिणीला रागावले, तर ती म्हणाली, "तूच तर सांगितलंस!" मग मी मला जमतं ते केलं. वेळापत्रक काढलं आणि नवव्या दिवसासमोरचं आमचं नाव खोडून स्वयंपाकाच्या बाईंचं घर लिहिलं. पाळी असलेल्या घरच्या मुलीला फेराबाहेर कोण काढणार?

सकाळी स्वयंपाकाच्या बाईंनी आल्या आल्या पोळपाट आपटला. "आवं आजी, माझं घर कागदावर घालायच्या आदी मला इचारायचं न्हाई व्हय? बाकीच्या पंधरा जणींना इचारलंत न्हवं?"

विचारलं होतं. प्रत्येकीच्या दारात जाऊन.

"चुकलं माझं," मी म्हटलं. नोकरीतसुद्धा हे वाक्य मी फारसं वापरलं नव्हतं.

"करते मी. पर डबा माझी पोरगी उघडंल. आन् आजपास्नं ती फेरात असंल."

"असेल."

त्या संध्याकाळी मी स्वतः तिचा हात धरून तिला फेरात उभं केलं आणि दुसरा हात तुमच्या बहिणीच्या हातात दिला. बहिणीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. पण हात तिने सोडला नाही.

नवव्या दिवशी ती मुलगी मोठा पितळी डबा कवटाळून उभी राहिली. मुलींनी ब्राउनीपासून बाकरवडीपर्यंत सगळं सांगून पाहिलं. ती प्रत्येकीला "न्हाई!" म्हणायची आणि आनंदाने एक उडी मारायची. चौथ्या मजल्यावरच्या बाईही न राहवून म्हणाल्या, "चकली?"

"न्हाई काकू! हरला म्हणा."

शेवटी तुमची बहीण पुढे झाली आणि कशीबशी म्हणाली, "हरलो."

डब्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या. मामाच्या रानातून सकाळीच उपटून आणलेल्या. सगळ्या जणी तिथेच फरशीवर बसून खायला लागल्या. सगळीकडे टरफलं झाली, आणि मी झाडू शोधायला गेले नाही.

जिन्यातल्या दोघींची तिच्याशी काही लगेच गट्टी जमली नाही. चौथ्या मजल्यावरचं दार त्या मुलीला आजही अर्धंच उघडतं. क्लासेसमुळे हादग्याचे सोळाचे सहा दिवस झालेत. गाणी मात्र सगळी टिकली आहेत, कारण ती तिला पाठ आहेत. ती आता नववीत आहे आणि फेर तीच सुरू करते.