भिंगरीचे खोटे पाहुणे

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे भिंगरी म्हणतात. नाव सासूबाईंनी ठेवलेलं, ती नुकती चालायला लागली तेव्हाचं. आता चाळिशी आली तरी बाई बसून चहा पीत नाही. कप घेऊन खिडकीपाशी, तिथून जिन्यापाशी, तिथून परत ओट्यापाशी. अर्धा चहा कुठेतरी राहतो आणि कप सापडतो तो चपलांच्या कपाटावर. लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणते, "मुलगा काय करतो ते सगळे सांगतात, मी काय करते ते एकाने तरी विचारलंय का?"

ती काय करते ते मला समजायलाही बरीच वर्षं लागली. रुग्णालयात खाटेशेजारी छोटा पडदा असतो, हृदयाचे ठोके दाखवणारा. त्या यंत्राच्या आतली मूळ प्रणाली, ज्याच्यावर बाकी सगळं चालतं, ती हिच्या कंपनीत बनते. यंत्राला मागे यूएसबीची भोकं असतात. तिथे कीबोर्ड लावा, पेनड्राइव्ह लावा, जे काही लावाल ते आधी आपली ओळख सांगतं, मी अमुक, माझ्याकडे एवढी बटणं. ती ओळख ऐकून घेणारा आतला प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. भिंगरी म्हणते, हा ड्रायव्हर स्वभावाने भोळा असतो, समोरचा सांगेल ते खरं मानतो.

म्हणून ही त्याच्याकडे खोटे पाहुणे पाठवते. प्रत्यक्षात भोकात काहीच नसतं. तिचा एक प्रोग्रॅम यंत्राला पटवून देतो की काहीतरी लागलंय. मग एक पाहुणा सांगतो, माझं नाव पन्नास अक्षरी आहे, आणि पाच अक्षरं सांगून गप्प बसतो. दुसरा कीबोर्ड म्हणून शिरतो आणि कॅमेऱ्यासारखा वागतो. तिसरा बोलता बोलता निघूनच जातो. असे हजारो, प्रत्येकात काहीतरी आडवंतिडवं बदललेलं. याला त्यांच्यात फझिंग म्हणतात. अशा गोंधळात ड्रायव्हर कोलमडला की यंत्र 'पडलं'.

मी एकदा विचारलं होतं, "दिवसभर खोटं बोलायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, देवाला कसं गं चालतं?"

"वहिनी, चोर यायच्या आधी मीच चोर होऊन कडी हलवून बघते. देवाला न चालायला काय झालं?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. "कड्या हलवायचा पगार मिळतो होय? मग लहानपणी ही फुकटच राबली की!"

या वर्षी फोनवर बोलत जिना उतरताना तिचा पाय घसरला आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. सुट्टी घे म्हटलं तर नवी प्रणाली रुग्णालयांना द्यायची वेळ आलेली, आणि हिने 'हरकत नाही' म्हटल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. मग तिची बॅग उचलायला, डब्याचं झाकण उघडायला, केस बांधायला मी तिच्याबरोबर ऑफिसात जाऊ लागले.

खोलीला खिडकी नव्हती. टेबलांवर झाकणं काढलेली यंत्रं उताणी पडलेली, त्यांतून वायरींचा गुंता. प्रत्येक यंत्राला एक छोटी डबी जोडलेली, खोटे ठोके देणारी, म्हणजे पडद्यावर आकडा दिसावा. आणि भिंतीवर भिंगरीच्याच वळणदार अक्षरात एक पाटी: 'आधी कोरं करा.'

त्या पाटीमागे गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी एक यंत्र पडलं म्हणून हिने सगळं काम अडवून धरलं होतं. वरपर्यंत बोंब गेली. शेवटी निघालं काय, तर विजेचा प्लग सैल. तेव्हापासून ऑफिसात तिला बघून कुणीतरी हळूच "लांडगा आला रे" म्हणतं. तिने मनाला लावून घेतलं आणि नियम केला. यंत्र पडलं की ते पुसून कोरं करायचं, आणि ज्या पाहुण्याने पाडलं तो एकटा पुन्हा पाठवायचा. पुन्हा पडलं तरच दोष खरा.

सोमवारी ती डाव्या हाताने जेवत होती. मी पोळी तोडून देत होते. एकदम तिचा घास थांबला.

"वहिनी, तो आकडा बघ."

"बहात्तर. बरा आहे की."

"बराच आहे. पण हलत नाहीये."

डबी ठोके देत होती, पडद्यावर बहात्तर तसाच. भिंगरीने डबीची वायर उपटली. तरी बहात्तर. ती हळू आवाजात म्हणाली, "माणूस गेला तरी इथे बहात्तरच दिसेल."

मी हातातला पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

तिने यंत्र कोरं केलं, शेवटचा पाहुणा पाठवला. काही नाही, आकडा मजेत हलतोय. पुन्हा कोरं केलं, पुन्हा पाठवला. दुसऱ्या यंत्रावर करून पाहिलं. दोन दिवस हाच उद्योग. तिचे सर मधूनमधून येऊन उभे राहत. स्वभावाने सज्जन, पण थकलेले. चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, प्लग बघितलात ना?" मागच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं.

घरी आली तरी तेच. जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या. बोलता बोलता प्लास्टर टेबलावर आपटायची, टक टक. सासूबाई म्हणाल्या, "अगं बस, फरशी झिजेल." मी देवापुढे बसले तरी ओठांवर नाव आणि कानात ती टकटक. तिचा दादा म्हणाला, "पडत नाही तर नाही. सही कर आणि मोकळी हो."

"दादा, उद्या तू त्या खाटेवर असलास तर?"

"शुभ बोल गं!" सासूबाई कडाडल्या.

गुरुवारी दुपारी तिने हो की नाही ते सांगायचं होतं. सकाळी प्लास्टर दाखवायला आम्ही रुग्णालयात गेलो. बाहेर बाकावर नंबराची वाट बघत होतो. समोरच्या वॉर्डचं दार उघडं होतं. आत नर्स खाटेशेजारच्या यंत्राला एक वायर लावत होती, थोड्या वेळाने काढून दुसरी लावत होती. मग औषधाच्या पाकिटावरच्या रेघा वाचणारं यंत्र लावलं, ते काढून कीबोर्ड. भिंगरी बघत होती. बघता बघता उठली आणि सरळ आत गेली. मी मागोमाग.

"सिस्टर, हे बंद कधी करता?"

"का, बिघडलंय का?"

"नाही, सहज विचारलं."

"बंद कशाला करायचं? पेशंट बदलतात, हे चालूच असतं. वीज गेली तरी याला बॅटरी आहे. तुम्ही कुणाच्या नातेवाईक?"

भिंगरी तोवर दाराबाहेर होती. हात दाखवायचा राहिला. ती जिन्याने तरातरा खाली, मी कागद सावरत मागे. गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्या दिवशी यंत्र पडलं तेव्हा ते सकाळपासून पाहुणे घेत होतं. एकामागून एक, पुसलं नव्हतं. कदाचित शेवटच्या बिचाऱ्याचा दोषच नसेल. आधी आलेल्यांतला कुणीतरी अर्धवट उठून गेला असेल आणि ड्रायव्हरने त्याची आवराआवर केली नसेल. असा पसारा साठत साठत गेला. आणि आम्ही काय करतोय? दर वेळी घर धुऊनपुसून लख्ख करतोय आणि मग शोधतोय, पसारा कुठाय."

"मग पाटी काढ ना."

"पाटी कुणाची, वहिनी? माझीच."

ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने तो सोमवारचा सगळा क्रम पहिल्या पाहुण्यापासून लावला. ते हजारो पाहुणे एका सुरुवातीच्या आकड्यातून निघतात. आकडा तोच दिला की तेच पाहुणे त्याच ओळीने येतात. फक्त ओळ मोठी, वेळ खाणारी. दुपार झाली, यंत्र अजून पाहुणे घेतंय, पडद्यावरचा आकडा हलतोय. सर खाली आले.

"मॅडम, वर सगळे बसलेत. हो सांगू?"

"नाही."

"पुरावा?"

"चालू आहे."

"आणि नाही पडलं तर?"

"तर मीच वर येऊन सांगेन की नाही पडलं. पण आत्ता हो म्हणणार नाही."

"पुन्हा प्लगच निघाला, तर मला तुमची बाजू घेता येणार नाही."

"नका घेऊ. हसा सगळे. मीही हसेन."

सर गेले. भिंगरी टेबलांमधल्या अरुंद वाटेवरून येरझाऱ्या घालू लागली. मी देवाचं नाव घ्यायला लागले, पण मागावं काय? यंत्र पडू दे म्हणावं तर ते कुणाच्या तरी खाटेशी असणारं. पडू नये म्हणावं तर हिची मान खाली. मी नुसतंच नाव घेत राहिले.

ती फेरीत असतानाच थांबली. अडुसष्ट. आकडा अडुसष्टवर गोठलेला. ती ओरडली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. यंत्र नव्याने सुरू केलं आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून सोडली. "एकदा पडलं त्याला इथे कुणी विचारत नाही," एवढंच म्हणाली. खोली रिकामी होत गेली. मी डबा उघडून ठेवला, तो तसाच राहिला. मग तोच पाहुणा आला आणि यंत्र त्याच जागी पुन्हा थिजलं. तेव्हा तिने सरांना बोलावलं.

सर आले, पडदा पाहिला. डबीची वायर काढली, लावली. मग वाकून त्यांनी विजेचा प्लग दाबून पाहिला.

"घट्ट आहे," त्यांनीच सांगितलं. थोडे हसले. "बरं झालं, मॅडम. नवी प्रणाली थांबवतो मी. सुटलो आपण."

"आणि जुनी?"

"जुनीचं काय?"

"गेल्या वर्षी दिली ती. तेव्हाही एकदा आकडा असाच थांबला होता. मी कोरं करून पाहिलं, पडेना. माझ्याच पाटीखाली बसून मी हो म्हटलं."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, हातातच राहिला. "ती तर लागलीये. कितीतरी खाटांशी."

"म्हणून तर म्हणतेय."

"उद्या वरच्यांशी बोलतो. असं एकदम सांगितलं तर घबराट होईल, कंपनीचं नाव..."

"उद्या त्यांच्याशी बोला. आज नर्सना एवढंच सांगा की यंत्र रोज एकदा बंद करून चालू करा. आणि आकडा दिसतोय म्हणून समाधान मानू नका, तो हलतोय का ते बघा. चूक माझी होती असं सांगा, माझी हरकत नाही. फोन तुम्ही करताय की मी करू?"

मला वाटलं, आता सर निघून जातील. भिंगरीने डाव्या हाताने स्वतःचा फोन काढला, तिच्याच्याने तो धड उघडेना. मी पुढे होणार तोच सरांनी खुर्ची ओढली, बसले, आणि आपल्या फोनवरून पहिल्या रुग्णालयाचा नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"उचलत नाहीत," ते म्हणाले.

"मग दुसरं लावा. तोवर पहिलं मी लावते. वहिनी, नंबर दाब," भिंगरी म्हणाली, आणि फोन कानाशी धरून पुन्हा चालायला लागली.