वन्संना नकार लेखी हवा होता

फ्रिजमधला बर्फ निम्मा खरवडून झाला होता. दुधाचं पातेलं ओट्यावर, भाज्या टेबलावर, जमिनीवर अंथरलेल्या जुन्या टॉवेलात पाणी मुरत होतं, आणि वन्संचा फोन आला.

"अगं, कंपनीचा शिक्का माझ्या कपाटात खालच्या खणात राहिलाय. बँकेत घेऊन येतेस का? आत्ता. आणि बाळ्याला सांगू नकोस."

बाळ्या म्हणजे हे. पन्नाशी उलटली तरी थोरल्या बहिणीला बाळ्याच. वन्संचा आवाज असा की फोन माझ्या कानाला, पण ऐकलं यांनी पलंगावरून. लगेच चपला शोधायला लागले.

"मीही येतो. तिला एकटीला सोडलं तर ती काहीतरी खरं बोलेल."

हे यांनी हसत म्हटलं, पण आमच्या घरात सगळ्यांना ही धास्ती असतेच. मागे एकदा यांचे एक चिकट मित्र फोनवर होते. हे हातवारे करून सांगतायत, नाही म्हण, घरी नाही म्हण. वन्संनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "आहे ना, समोरच बसलाय. पण त्याला तुमच्याशी बोलायचं नाही." तो मित्र तुटला तो कायमचा. यांना अजून त्याचा राग आहे. मला त्या दिवशीही हसू आलं होतं, आजही येतं.

वन्संनी पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर आता जपाची माळ घेऊन माझ्या शेजारी बसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी काढली कंपनी! शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार खुर्च्या, आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या दोघी मुली. परदेशातल्या कामाचा मोबदला ज्यांना क्रिप्टोत मिळतो, त्यांना तो आपल्या नेहमीच्या चलनात बदलून द्यायचा, आणि कुणाकडून आला, कुणाला गेला याची चोख नोंद ठेवायची. मला त्यातलं फार कळत नाही. "नाणं दिसत नाही, मग ठेवता कुठे?" असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तुझा देव दिसतो का? त्याच्यावर विश्वास ठेवतेसच ना." मी म्हटलं, "माझ्या देवाला बँकेत खातं लागत नाही हो, वन्सं." त्यावर वन्संनी कपाळाला हात लावला.

कारण घोडं तिथेच अडलं होतं. परवाना देणारं ऑफिस म्हणतं, आधी कंपनीच्या नावाचं खातं दाखवा. बँक म्हणते, आधी परवाना दाखवा. महिनाअखेर खातं नसेल तर अर्ज रद्द, कंपनीला कुलूप, त्या दोघी मुली घरी. एकच फट ठेवली आहे: बँकेने खातं नाकारल्याचा कागद आणला तर मुदत वाढवून मिळते. पण बँका नाही म्हणतात कुठे? त्या नुसत्या हसतात. तीन बँकांनी अर्ज ठेवून घेतले, "वरच्या ऑफिसला पाठवलंय" म्हणाल्या, आणि त्या वरच्या ऑफिसातून कुणी कधी खाली उतरलं नाही. हे ऐकून ऐकून माझंच डोकं उठलं होतं.

आजची चौथी बँक. साहेब गोरेगोमटे, टक्कल चकाकणारं, चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं हसू. वन्संनी शिक्का मारला, सही केली. साहेब म्हणाले, "मॅडम, ओळखपत्राची एक झेरॉक्स लागेल. समोरच दुकान आहे." वन्सं गेल्या. पाठ वळायची खोटी, साहेब यांच्याकडे सरकले.

"तुम्ही यांचे भाऊ ना? समजूतदार दिसता. अहो, एका शब्दापायी अडलंय सगळं. व्यवसाय या रकान्यात यांनी क्रिप्टो लिहिलंय. तिथे संगणक सेवा असतं तर मी आजच खातं उघडलं असतं." आणि आपलं पेन यांच्या पुढ्यात ठेवलं.

"अहो, वन्संना येऊ द्या," मी म्हटलं.

"तू गप्प बस गं. तिच्याच भल्याचं आहे." यांनी शब्दावर रेघ मारली आणि वर झोकात 'संगणक सेवा' लिहिलं. देवा, त्या क्षणी मला या माणसाचा असा संताप आला!

वन्सं आल्या. अर्ज पाहिला. झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"हे कुणी केलं?"

"ताई, एक शब्द तर होता. तेवढ्याने काय बिघडतं?"

"खाली सही कुणाची आहे, बाळ्या?"

"तुझी."

"परवान्याच्या अर्जात मी एक लिहिलंय, इथे तू दुसरं लिहिलंस. उद्या कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर खोटारडी कोण ठरेल? तू? हे साहेब?"

"मॅडम, चिडू नका," साहेब हसत म्हणाले. "सगळेच असं लिहितात."

"सगळ्यांची नावं द्या."

साहेब खोकले.

"आणि हसू नका. मी विनोद केलेला नाही. खातं द्यायचं नसेल तर तसं लिहून द्या."

"लेखी नकार आम्ही देत नसतो, मॅडम. वरून उत्तर येईल."

"कधी?"

"येईल."

"नाही आलं तर?"

"मग समजून घ्यायचं."

समजून घ्यायचं! या बाईने पंचवीस वर्षं शाळेत वर्गच्या वर्ग समजावले, आणि हा हसरा ठोकळा त्यांना समजून घ्यायला सांगतो. नाही म्हणण्याचीही हिंमत नाही या बँकवाल्यांत. दार लावायचं नाही, उघडायचंही नाही, आणि बाहेरचा माणूस कंटाळून निघून गेला की म्हणायचं, आम्ही कुठे नाही म्हटलं?

वन्सं खुर्ची ओढून बसल्या.

"ठीक आहे. नकार लिहू नका. एवढंच लिहून द्या, की माझ्या सहीचा अर्ज तुमच्या टेबलावर, तुमच्या पेनाने, माझ्या माघारी बदलला गेला."

साहेबांचं हसू तेव्हा कुठे निसटलं. "मी काही केलेलं नाही. तुमच्या भावाने स्वतःहून..."

वन्संनी यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. हे चपलेच्या अंगठ्याशी खेळत होते. मग मान वर करून म्हणाले, "साहेब, पेन तुम्ही पुढे केलंत. संगणक सेवा हा शब्दही तुमचाच. मला तो सुचलाही नसता."

काउंटरवरच्या बाई टंकायच्या थांबल्या. साहेबांनी खण उघडला, बंद केला, परत उघडला. शेवटी बँकेचा कोरा कागद काढून दोन ओळी लिहिल्या: व्यवसायाच्या स्वरूपामुळे या शाखेत खातं उघडता येत नाही. खाली सही. शिक्का पुसट उमटला, तर वन्संनी दुसरा मारायला लावला. आणि तो खोडलेला अर्ज परत मागून घेतला.

बाहेर आल्यावर यांची छाती फुगलेली. "बघितलंस, ताई? मी बोललो म्हणून मिळालं."

"तू खोडलंस म्हणून बोलावं लागलं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यानंतर त्या यांच्याशी बोललेल्या नाहीत. जेवताना आमटीही माझ्याकरवी मागितली. "तुझ्या नवऱ्याला सांग, वाटी सरकव." हे मुकाट्याने सरकवत होते. बरं झालं. मीही दोन शब्दांवर तिसरा बोलले नाही.

संध्याकाळी जपाला बसले, पण मन लागेना. प्रत्येक मण्यावर ते टक्कल. देवा, क्षमा कर, पण मी नाव तुझं घेत होते आणि आतून त्याला शिव्या घालत होते. एवढी खटपट केली ती कशासाठी? नाही हा शब्द मिळवण्यासाठी! बाई खरं बोलते म्हणून खातं नाही, आणि खोटं लिहिलं असतं तर त्याच साहेबाने पाणी विचारलं असतं. माझी माळ तीनदा चुकली. तिसऱ्यांदा मी ती ठेवूनच दिली.

वन्सं आत फोनवर त्या मुलींना सांगत होत्या, "उद्या नेहमीसारख्या या. किल्ली शिंप्याकडे ठेवते, मला उशीर होईल."

सकाळी दार उघडायच्या वेळेला त्या परवान्याच्या ऑफिसात जाणार आहेत, नकाराचा कागद दाखल करून मुदतवाढीची पोच घ्यायला.