नवव्या दिवशी दहा वाजता

आमच्या बस डेपोत तिला सगळे माईकताई म्हणायचे. एकतीस वर्षं काचेच्या खोलीत बसून ती गाड्या पुकारत होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली पाऊण तास उशिरा येणार, कुणाचं लेकरू चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, सगळं त्याच एका सुरात. माईक बंद झाला तरी तोंड चालूच. शेजारच्या टेबलाशी मी गाड्यांच्या वेळा लिहायचो, त्यामुळे तिच्या घरातलं सगळं मला न विचारता कळायचं. मुलाचं मात्र सोडून. नवरा गेल्यानंतरच्या चार वर्षांत तिने त्याचा विषय काढला नव्हता. पुढचं सारं तिने मला परदेशातून परत आल्यावर सांगितलं.

एकुलता एक मुलगा परदेशात नोकरीला होता. नवरा तीन आठवडे हॉस्पिटलात पडून होता, रोज विचारायचा, निघाला का. मुलगा आलाच नाही. सगळं उरकल्यावर त्याचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "तुझे बाबा गेले. त्यांच्याबरोबर तूही गेलास असं मी समजते." आणि फोन ठेवला. महिनाभराने राग उतरला, तोवर त्याचा नंबर बंद झाला होता. नोकरी सोडल्याचंही कळलं. तो कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं.

ती निवृत्त झाली त्या सुमारास तिच्या जावेच्या मुलीला इंटरनेटवर एक फोटो दिसला. परदेशातलं कुठलंसं ध्यान केंद्र, आणि मागे बादल्या धुणारा एक माणूस. डोकं भादरलेलं, गाल बसलेले, पण तोच. केंद्राला पत्र लिहिलं. उत्तर आलं की सेवकांची माहिती देत नाही, भेटायलाही कुणाला येऊ देत नाही. शिबिर मात्र सर्वांना खुलं आहे. आठ दिवस मौन आणि उपवास. दिवसभर पाणी, संध्याकाळी पेलाभर रस. नवव्या दिवशी सकाळी दहा वाजता मौन सुटणार.

शिबिराच्या अर्जावर आजारांच्या रकान्यात तिने 'काही नाही' असं लिहिलं आणि मधुमेहाच्या गोळ्या मोज्यात लपवून नेल्या. ज्या बाईने आयुष्यात कधी विमान जवळून पाहिलं नव्हतं, ती दोन विमानं बदलून तिथे पोचली.

फोन आणि पेन पहिल्याच दिवशी जमा करून घेतले. कुणाशी बोललं, खुणा जरी केल्या, तरी त्याच दिवशी बाहेर. लांबट दालनात चाळीस गाद्या, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. दोन दिवस ती डोळे मिटायचं सोडून दार बघत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला, किटलीतून कोमट पाणी वाढत. तिच्यापुढे आला आणि त्याचा हात थांबला. पाणी पेल्याबाहेर सांडलं, तिच्या मांडीवर आलं. त्याने वर पाहिलं नाही. पुढच्या बाईपाशी गेला.

तिच्या ओठांवर हाक आली होती. ती तिने गिळली. आज हाक मारली तर आजच बाहेर काढतील, मग पुन्हा कुठे शोधायचा?

चौथ्या दिवसापासून पाणी वाढायला दुसराच माणूस येऊ लागला. मुलगा तिला खिडकीतून दिसायचा, कधी पत्र्यावरचा पालापाचोळा काढताना, कधी गाद्या उन्हात टाकताना. ती मनात वाक्यं जुळवायची, मोडायची, पुन्हा जुळवायची. माफी आधी मागावी की तब्येत आधी विचारावी, हेही ठरेना. गोळ्या चालू आणि पोट रिकामं. सहाव्या दिवशी ती जिन्यात कोसळली.

देखरेखीच्या बाईने तिला खोलीत निजवून साखरपाणी पाजलं. मोज्यातल्या गोळ्या सापडल्याच. आता तुम्हाला घरी पाठवावं लागेल, असं ती बाई म्हणाली. तेव्हा माईकताईने सहा दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि येतील तशा परक्या शब्दांत सांगितलं की पाणी वाढणारा तो माझा मुलगा आहे. देखरेखीची बाई म्हणाली, ठाऊक आहे, तुम्हाला पाहिलं त्याच दिवशी त्याने सांगितलं. गोळ्या काढून घेऊन, दिवसातून चार वेळा रस घ्यायच्या अटीवर तिने तिला राहू दिलं.

नवव्या दिवशी दहा वाजता घंटा झाली आणि सगळं दालन एकदम बोलू लागलं. लोक हसत होते, रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. ती आपल्या गादीवर बसून राहिली. तो वाटीभर पातळ सूप घेऊन आला आणि समोर बसला.

"हळूहळू घे," तो म्हणाला. "एकदम प्यायलीस तर कळ येते."

तिने एक चमचा घेतला. मग म्हणाली, "मी तेव्हा बोलले ते..."

"त्या बोलण्यामुळे मी निघून गेलो नाही, आई. बाबांनी हॉस्पिटलातून मला सात वेळा फोन केला होता. फोन हातात होता, वाजत होता. मी नुसता बघत बसलो. मला भीती वाटली."

"बाबांनी समजून घेतलं असतं रे. तू घरी चल."

"घरात त्यांची खुर्ची आहे. नाही जमणार मला."

"मग मी राहते इथे. भांडी घासेन."

"तू राहिलीस तर मला दुसरीकडे जावं लागेल," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं, असं ती मला म्हणाली.

तिने सूप संपवलं, कारण तो समोर बसला होता. बाहेर येऊन सगळं ओकली. त्याने तिचं कपाळ धरलं, तोंड धुवायला पाणी दिलं, बॅग फाटकापर्यंत उचलून आणली. निघताना एका चिठ्ठीवर केंद्राच्या ऑफिसचा नंबर लिहून दिला. महिन्याच्या पहिल्या रविवारी कर, जमलं तर येईन, एवढंच बोलला.

याला आता सात महिने झाले. ती दर महिन्याला फोन करते. तिकडचा माणूस रिसीव्हर टेबलावर ठेवून त्याला शोधायला जातो. दोनदा तो फोनवर आला. जेवलीस का, गोळ्या घेतेस का, एवढं विचारून थांबला. बाकी वेळा तो माणूसच परत येऊन सांगतो की येत नाही म्हणतो. शेजाऱ्यांना ती सांगते की मुलाला तिकडे काम फार आहे. मला तसं सांगत नाही.