एकावन्नावं मिनिट

मान्साची कच्ची केळी अर्धीच सोलून झाली होती. चिकानं बोटं काळी पडलेली, उरलेली केळी पाण्यात बुडवलेली, आणि दारात डुफी उभी. डोक्यावरचं फडकं सुटलेलं, हातात डिस्क.

"मामे मान्सा, तुमच्या या डिस्कनं माझं नाक कापलं!"

"अगं, आधी पाणी तरी घे."

"पाणी कसलं घेता? तीन वाजता घरची बैठक आहे. नणंदबाई म्हणतात, सासऱ्यांच्या मयतीला मी वडीलधाऱ्यांशी हात न मिळवताच निघून गेले. डिस्क लावून चारचौघांत दाखवणार आहेत. मग मला कोण सून म्हणेल?"

मान्सानं हात कमरेच्या कापडालाच पुसले. नवरा गेल्यापासून गेली नऊ वर्षं ती कुमासी शहरातल्या लग्नांच्या नि मयतींच्या डिस्क काढून देत होती. चित्रण कुणीही करो, प्रती मान्साच्याच. ती प्रत्येक प्रत आपल्या जुन्या, कुरकुरणाऱ्या प्लेयरवर शेवटपर्यंत चालवून बघायची. "माझ्या म्हाताऱ्यानं गिळली की कुणाच्याही घरी पचते," म्हणायची. तिच्या डिस्कबद्दल आजवर कुणी ब्र काढला नव्हता.

तिनं डुफीची डिस्क लावली. चित्र आलं, भजन आलं. एकावन्नाव्या मिनिटाला काळ्या कपड्यातली डुफी वडीलधाऱ्यांच्या रांगेशी आली. उजवीकडून सुरुवात, उजवाच हात, सगळं रीतीनं. पहिला हात, दुसरा हात, आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. प्लेयर खरखरला. पुढं दिसली ती थेट मांडवाबाहेर चाललेली डुफी.

"बघितलंत? मी पंधराच्या पंधरा जणांशी हात मिळवला होता हो! देवाला ठाऊक आहे."

"देवाला ठाऊक आहे गं. पण बैठकीत देव साक्षीला येऊन बसत नाही."

मान्सानं डिस्क काढून उजेडात धरली. एक ओरखडा नाही. उलटी केली, तर वर डुफीच्या सासऱ्यांचा फोटो. घरच्यांचाच हट्ट होता, "चेहऱ्याशिवाय मयतीची डिस्क कसली?" मान्सानं कागदावर छापून चाळीस प्रतींवर चेहरे चिकटवून दिले होते. कागद मधोमध बसला नव्हता, आणि महिनाभराच्या उकाड्यात एका बाजूनं आक्रसला होता. डिस्क फिरताना डुगडुगायची. वाचन आतून कडेकडे जातं, म्हणून सुरुवातीला काही कळायचं नाही, कडेशी पोचलं की घात.

आणि मान्सानं तपासणी केली होती ती चेहरे चिकटवण्याआधी.



"ओढून काढा ना तो कागद," डुफी म्हणाली.

"हात लावू नकोस! कागदाबरोबर खालचा चंदेरी थर निघून येईल. मग पहिलं मिनिटही दिसायचं नाही."

संगणकात मूळ चित्रण अजून होतं. मान्सानं कोरी डिस्क घातली, सगळ्यात कमी वेगावर लावली.

"जरा लवकर होईल का?"

"घाईनंच तर हे झालंय, बाई."

प्रत तयार झाल्यावर डिस्क म्हाताऱ्या प्लेयरच्या तोंडी दिली. दोघी समोर बसल्या. मान्सा पाच मिनिटंही एका जागी टेकेना. उठायची, दाराशी जायची, घड्याळ बघायची, परत यायची, "प्रभू, सांभाळ," म्हणायची. डुफी फडक्याचं टोक चावत होती. पुढं पळवून बघायला मान्सा तयार नव्हती. एकदा चुकली होती तेवढं पुरे.

एकावन्नावं मिनिट आलं. पहिला हात, दुसरा, तिसरा. चित्र हललं नाही. चौदा हात झाले. डुफीनं सुस्कारा टाकला.

पंधरावी होती नणंद, बिरागो. डुफीनं हात पुढं केला. बिरागोनं मान फिरवली आणि आपला हात अंगावरच्या वस्त्रात ओढून घेतला. डुफी क्षणभर तशीच वाकून उभी होती. मग निघाली.

मान्सानं डिस्क शेवटपर्यंत चालू दिली.

"हे तू सांगितलं नाहीस," मान्सा म्हणाली.

"काय सांगू? थोरली आहे. माझा हात नाकारला म्हणून गावभर बोंबलू?"

"बैठकीत ही लागली, तर तू सुटशील. तिला मात्र तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"म्हणजे लावायची नाही?"

खोटी डिस्क मान्साच्या हातून गेली होती, खरी अडवून ठेवण्याचा तिला हक्क नव्हता. पण थोरल्या बाईला वाड्यावस्तीसमोर उघडं पाडणंही तिच्यानं होईना.

"लावायची. पण आधी तिनं एकटीनं बघावी. बैठकीत काय बोलायचं ते मग तिनं ठरवावं."

"त्या तुम्हाला उंबऱ्यात उभं करायच्या नाहीत!"

"मग उंबऱ्याबाहेर उभी राहीन. चूक माझ्या डिस्कची होती, एवढं तर ऐकून घेतील."

तिनं डिस्क कोऱ्या कव्हरात घातली. वर काही चिकटवलं नाही. प्लेयरची वायर गुंडाळली, प्लेयर कापडात बांधून डोक्यावर घेतला. दीड वाजला होता. तिला आधी बिरागोच्या घरी जायचं होतं.