मूळ पुरुषाचं गाव

लातूर जिल्हा नवीन झाला तेव्हा वडील कचेरीत कारकून होते. जुन्या जिल्ह्यातून दफ्तराचे गठ्ठे ट्रकनं आले. निजामाच्या काळातले बरेच कागद उर्दूत, आणि वडील उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून ते लावायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांत एका दुपारी त्यांना आमच्या खापरपणजोबांचा अर्ज सापडला.

आमच्या घराण्याचे मूळ पुरुष तेच. त्यांची गोष्ट सांगायचा मान आत्याचा. माहूरहून घोड्यावर बसून आले, कमरेला तलवार, वाट खुद्द देवीनं दाखवली. आत्या वडिलांहून दहा वर्षांनी मोठी, तिच्यापुढं कोण बोलणार? अर्जात मात्र लिहिलं होतं की, दुष्काळामुळे मुदखेडजवळच्या गावाहून बायकोसह पायी आलो, पडीक जमीन कसायला मिळावी. खाली अंगठा.

"अक्काला कसं सांगू? घोडाच गेला की," वडील आईला म्हणाले. आठवडाभर घोळ घालून शेवटी मला घेऊन आत्याच्या गावी गेले, आणि नक्कल वाचून दाखवली.

आत्या ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला. "पायी? तीबी?"

"हाव."

मागच्या दुष्काळात आत्या स्वतः लेकरू काखेत घेऊन खडी फोडायला गेली होती. तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला ते गाव बघायचंय."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो. एस.टी.नं नांदेड, रेल्वेनं मुदखेड, पुढं चालत. त्या गावात आमच्या आडनावाचं कुणीच नव्हतं. वडील पारावरच्या माणसांना विचारत राहिले, आत्या दमून एका ओट्यावर टेकली. घरातली म्हातारी पाणी घेऊन आली. "कुणाच्या तुम्ही?"

आत्यानं सगळं सांगितलं.

"आमच्या सासूच्याबी आधीची गोष्ट असंल," म्हातारी म्हणाली. "पर गेली ती ह्याच गावातून न्हवं? मग तू हितली लेक. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

पिठलं-भाकरी झाली. निघताना तिनं आत्याची ओटी भरली. नारळ घरात नव्हता, गुळाचा खडा घातला. आत्याचे डोळे भरून आले.

परतीच्या गाडीत ती वडिलांना म्हणाली, "वंशावळीत त्या बाईलाबी लिही."

"कागदात तिचं नाव न्हाई, अक्का."

"मग मुदखेडकडली म्हणून लिही."

वडिलांनी तसंच लिहिलं.