गव्हावर गहू

"गव्हावर गहू." डबा घेताना तो एवढंच बोलायचा. माणसाच्या तोंडाकडे बघायचा नाही, डब्याकडे बघायचा.

डोंबिवलीत माझी पिठाची गिरणी, आणि हा माझा दळणारा. बाजरीनंतर लगेच गहू टाकला तर चपातीला बाजरीचा वास मारतो. म्हणून गव्हामागेच गहू टाकायचा. बाकीचे घाईत चालवून घेतात. हा नाही. गव्हाचे डबे एका रांगेत, बाजरीचे दुसऱ्या, कड्या सगळ्या एकाच दिशेला.

एकदा मीच माझा डबा पुढे सरकवला.

"शेठ, तुमचा नंबर सातवा."

"अरे, गिरणी कोणाची?"

"तुमची. नंबर सातवा."

असा माणूस तुम्हालाही भेटला असेल, आणि तुम्हीही माझ्यासारखंच म्हणाला असाल, केवढी ही घमेंड!

एकदा एका बाईंना तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या गव्हात किडे आहेत." दुसऱ्या दिवशी बाई आणखी चौघींना घेऊन हजर. "शेठ, याला काढा, नाहीतर आम्ही दुसरी गिरणी बघतो." त्यात आधीच कुठल्याशा डॉक्टरने दहा मिनिटांत याला पर्सनॅलिटीचा दोष, म्हणजे घमेंडीचाच आजार, लिहून दिलेला. मला तो कागद पटलेला. मी काढणारच होतो.

त्याची बहीण आली. "काका, ठाण्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांना याचं लहानपण सांगणारं कोणीतरी हवंय. आईबाबा तर गेले. तुम्ही चला, मग काढायचं तर काढा."

मी चौथी नापास, पण साक्ष द्यायला कोणाच्या बापाला भीत नाही. गेलो.

"मॅडम, हा घमेंडी आहे. लिहून घ्या."

"तीन-चार वर्षांचा असताना कसा होता?"

"असाच! याचा बाप माझ्याकडेच दळायचा. हा कोपऱ्यात झाकणं ओळीने लावत बसायचा. मशीनचा पट्टा बदलला की आवाज बदलायचा, तर कान दाबून दुपारभर रडायचा."

"लोकांनी वाहवा करावी म्हणून वागतो का? मुद्दाम कोणाला खाली दाखवतो?"

खोटं बोलायची मला सवय नाही.

"नाही. ते मी करतो."

बहीण तोंडाला पदर लावून हसली. हा हसला नाही. "हो," म्हणाला, "शेठ करतात."

डॉक्टरीणबाईंनी त्याला आणखी तीन-चारदा बोलावलं. मग सांगितलं, हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. वरून घमेंड आणि हे सारखंच दिसतं, म्हणून आधी लहानपण बघायचं, आणि माणूस तसं का वागतो ते विचारायचं. तो पहिला कागद त्यांनी बाजूला ठेवला.

मी गिरणीत येऊन त्या पाच जणींना विचारलं, "किडे होते की नव्हते?"

"होते," बाई म्हणाल्या.

"मग?"

तो राहिला.

गेल्या वर्षी बहीण त्याला घोडबंदरला घेऊन गेली, घरघंटी घेऊन दिली. टॉवरमधल्या बायका लिफ्टपर्यंत रांग लावतात म्हणे, आणि शिव्या देत का होईना, नंबरानेच दळून नेतात.

माझ्याकडचा नवा माणूस फार गोड बोलतो. परवा मला बघून म्हणाला, "शेठ, तुमचा आधी टाकतो." बाजरीचं दळण नुकतंच उतरलं होतं.

मी त्याच्या हातून डबा काढून घेतला. गव्हाच्या रांगेत शेवटी नेऊन ठेवला, आणि कडी बाकीच्या कड्यांच्या दिशेला फिरवली.