ते जे खाली चालू असतं

आमच्या वाद्यवृंदात टाळ्यांची वाटणी ठरलेली होती. पहिल्या आणि भरघोस टाळ्या गाणारणीला, म्हणजे मला. मग बासरीवाल्याला, कारण तो डोळे मिटून वाजवायचा. मग ढोलकवाल्याला, कारण तो मान उडवायचा. ऑर्गनवर बसणाऱ्या मास्तरांना वयाबद्दल. मागच्या पडद्याला जवळजवळ टेकून एक उंच, वाकलेला गृहस्थ बेस गिटार घेऊन उभा असायचा. त्याच्याविषयी प्रेक्षकांचा समज असा, की हा वायरी सांभाळायला ठेवलेला माणूस असावा आणि रिकामा दिसू नये म्हणून त्याच्या गळ्यात काहीतरी अडकवलं असावं.

त्याला आम्ही खर्ज म्हणायचो. वाजवायचा खालचे सूर आणि बोलायचाही खालच्या पट्टीत. पोटासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या कामात त्याच्याइतका धार्मिक माणूस मी पाहिला नाही. कंपनीने सांगितलंय तेवढंच वंगण, सांगितलाय तोच स्क्रू. शहरातले कितीतरी लठ्ठ लोक त्याच्या भरवशावर रोज वर-खाली जात होते आणि त्यातल्या एकाही जिवाला धक्का लागला नाही. हाच माणूस घरी येऊन गिटार हातात घ्यायचा आणि तिच्यावर असे प्रयोग करायचा की लिफ्टवर केले असते तर तुरुंगात गेला असता.

त्याचं घर एका इस्त्रीच्या दुकानावर होतं. दोन खोल्या आणि एक बंद केलेली गॅलरी. गॅलरीत टेबल, टेबलावर जुनं ब्लँकेट, ब्लँकेटवर गिटार आडवी, पोट उघडं. भिंतीवर पक्कड, पान्हे, सोल्डरिंगची इस्त्री. खालच्या इस्त्रीची वाफ आणि वरच्या इस्त्रीचा धूर यांत वहिनी, म्हणजे त्याची बायको, संसार करत होती.

सल्ला द्यावा तर खर्जानेच. गावभरचे बेसवाले त्याच्याकडे यायचे. एकदा मी बसले असताना एक दातांचे डॉक्टर आले. चाळिशी उलटल्यावर त्यांना संगीताचा उमाळा आला होता. खांद्यावर नवी कोरी गिटार.

"का घेतलीत ही?" खर्जाने विचारलं.

"निळा रंग फार सुंदर आहे हो."

"मग पडदे घ्यायचे निळे. उभे राहा. पट्टा गळ्यात घाला. आता दोन्ही हात सोडा."

डॉक्टरांनी हात सोडले. गिटारची मान सावकाश जमिनीकडे गेली, जशी आमच्या ढोलकवाल्याची दुपारच्या तालमीत जायची.

"बघा. डावा हात वाजवायला हवा, तो तुम्ही हिला उचलून धरण्यात घालवणार. बेस घेताना आधी गळ्यात घालून अर्धा तास दुकानात उभं राहायचं. दुकानदार कंटाळला पाहिजे. खांदा दुखला तर ती आपली नाही. रंग घरी येऊन बघायचा. आता रुंद, खरखरीत पट्टा लावा, म्हणजे निदान घसरणार नाही."

"आणि तारा फार वर वाटतात हो मला."

"मानेच्या आत एक सळई असते. पाव वेढा फिरवायचा आणि थांबायचं. लाकडाला विचार करायला वेळ द्यायचा. दुसऱ्या दिवशी बघायचं. तुमच्यासारखं एका झटक्यात उपटायचं नाही."

"आम्ही उपटत नाही, काढतो," डॉक्टर दुखावून म्हणाले.

"तेच ते. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका. एक काढा, एक चढवा, मानेवरचा ताण कायम राहतो. आणि गिटारमध्ये काही बदल करायचाच असेल तर एका वेळी एकच. ऐकायचं, मग पुढचा. काढलेला भाग फेकायचा नाही, डब्यात ठेवायचा. उद्या पश्चात्ताप झाला तर परतीची वाट हवी."

डॉक्टर कृतार्थ होऊन गेले. आतून वहिनीचा आवाज आला, "यांनी स्वतः यातलं काय पाळलंय ते विचारा हो ताई!"

काहीच पाळलं नव्हतं. डबा तेवढा ठेवला होता. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, गिटारच्या मूळ अवयवांनी गच्च भरलेला. तारांचा आवाज टिपणारं मूळ पिकअप, मूळ ब्रिज, मूळ खुंट्या, मूळ बटणं. लाकूड आणि पट्टा सोडला तर डब्यात जास्त गिटार होती आणि गळ्यात कमी.

या वेडाचं मूळ मला ठाऊक होतं. लग्नानंतर त्याने वहिनीला पहिल्यांदा कार्यक्रमाला आणलं तेव्हा मी विंगेतच होते. कार्यक्रम संपल्यावर नवी नवरी नटूनथटून आत आली. खर्जाने अगदी कोवळ्या आवाजात विचारलं, "कसं वाटलं?"

"फार छान! ताईंचं गाणं तर काय विचारूच नका. बासरी पण." मग जरा थांबून, खऱ्या काळजीने, "पण तुम्ही काय करत होतात हो?"

आम्ही सगळे हसलो. खर्जही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने गिटारचं पहिलं पिकअप उपटलं. हो, उपटलंच.

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला वहिनी प्रेक्षकांत आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर तोच प्रश्न. "आज ऐकू आलं?" त्याने जाड तारा लावल्या. बोटं सुजली. "आज आलं?" "गर्दी छान होती." दोन पिकअप लावली. गुरगुर सुरू झाली. "आज?" "कोणीतरी घोरत होतं का हो?" शेवटी त्याने स्पीकरचं एक कपाट आणलं, चांगलं फ्रिजएवढं. ते जिन्यातून वर चढवताना इस्त्रीवाल्याचं लग्नाच्या कपड्यांचं गाठोडं खाली आलं. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "एक फ्रिज आहे की आपल्याकडे. यात काय ठेवायचं?"

वर्षं गेली. वाद्यवृंद थकला, मग थांबला. माझ्या आवाजाने माझ्या आधी निवृत्ती घेतली. अशात मास्तरांची ऐंशी वर्षं पूर्ण व्हायची होती. ठरलं, की जुन्या नाट्यगृहात एक शेवटचा कार्यक्रम करायचा.

खर्ज मला भेटायला आला. डोळे चमकत होते. मी ओळखलं, गिटारचं काही खरं नाही.

"बाईसाहेब, या वेळी नवा प्रीअँप बसवलाय. बॅटरीवरचा. आवाज आतूनच तिप्पट होऊन बाहेर पडतो. बटणांखाली दिवे पण आहेत."

"दिवे कशाला?"

"तिला दिसावं म्हणून. निदान कुठून येतंय ते कळेल." मग आवाज आणखी खाली गेला. "ही शेवटची संधी आहे हो. एकदा तिने म्हणावं, ऐकू आलं. मग मी ही खुंटीला टांगतो."

मला आठवलं, हाच माणूस लोकांना सांगायचा की बॅटरीवाली बेस घ्याल तर तिला बॅटरीवाचून चालायची कळ हवीच. "ती कळ आहे ना रे?"

"काढून टाकली. दिव्यांना जागा हवी होती."

हा दुसऱ्याला आणखी एक गोष्ट बजावायचा. असल्या गिटारमध्ये केबल खुपसली की बॅटरी जळायला लागते, वाजवा नाहीतर झोपा. काम झालं की केबल ओढून काढायची. स्वतः आठवडाभर सराव केला आणि आठवडाभर केबल आतच ठेवली. बॅटरीही कसली? लिफ्टची वीज तपासायच्या मीटरमधून काढलेली, अर्धं आयुष्य जगलेली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी त्याला शहाणपण आठवलं. नवी बॅटरी आणून शर्टाच्या खिशात ठेवली. गिटारच्या पाठीवरचं झाकण उघडायला पेचकस काढला. एवढ्यात कोणीतरी धावत आलं, "नाट्यगृहाची लिफ्ट अडकली! आत मास्तर आहेत!"

उत्सवमूर्तीच दोन मजल्यांच्या मधे. खर्ज पेचकस घेऊन धावला. आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आतून मास्तर ओरडतायत, बाहेर प्रेक्षक जमतायत आणि हा एकेक स्क्रू रांगेत मांडून, फडक्याने पुसून, नियमाप्रमाणे काम करतोय. वीज बंद केली, ब्रेक तपासला, दार उघडलं. मास्तर बाहेर आले ते थेट रंगमंचावर. त्यांच्यामागे खर्ज. पेचकस राहिला लिफ्टच्या टपावर, बॅटरी राहिली खिशात.

पडदा उघडला. तिसऱ्या रांगेत वहिनी. बटणांखालचे दिवे असे लकाकत होते की बासरीवाल्याला डोळे मिटायला निमित्त मिळालं. पहिली दोन गाणी छान झाली. तिसरं माझं, हुकमी, ज्यावर मी आयुष्यभर जेवले. दुसऱ्या कडव्यात मागे काहीतरी फरफरलं, दिवे मिणमिणले आणि विझले.

मला कळायच्या आधी माझ्या पायांना कळलं. सूर होता, ठेका होता, पण उभं राहायला जमीन नव्हती. बाकी कुणाला काही कळलं नाही. लोक आनंदाने टाळ्यांचा ठेका धरून होते. खर्ज मागे मुक्या तारा ओढत उभा. चेहरा असा, की एवढी हौस करून शेवटी तिला ऐकू आलं नाही ते नाहीच.

आणि तिसऱ्या रांगेत वहिनी ताडकन उभी राहिली.

"अहो! तुमचं बंद पडलं!"

गाणं थांबलं. अख्खं नाट्यगृह तिच्याकडे वळलं. असल्या वेळी मी कशी गप्प बसणार? माइक हातातच होता. "काय बंद पडलं हो वहिनी?"

"ते... ते खालचं. ते जे चालू असतं ते!"

खर्ज आयुष्यात पहिल्यांदा रंगमंचाच्या पुढे आला. प्रकाश डोळ्यांवर घेत म्हणाला, "तुला ऐकू येत होतं?"

"मग! बहिरी आहे का मी?"

"इतकी वर्षं तर नाही म्हणत होतीस!"

"ते तुमचं आहे हे मला काय माहीत? मला वाटायचं, ते गाण्यातच असतं." लोक हसायला लागले तशी ती चिडली. "हसताय काय? घरात फ्रिज चालू असतो तेव्हा कोण म्हणतं का, फ्रिज ऐकू येतोय? बंद पडला की घर कसं ओकंबोकं होतं. तसं झालं आत्ता!"

नाट्यगृह हसून लोळलं. खर्ज मात्र हसला नाही. मला कलेबद्दल मिळालेली मानपत्रं दोन भिंतींवर लटकतायत. त्यांतल्या एकाही वेळी माझा चेहरा तसा झाला नसेल, जसा फ्रिज म्हटल्यावर त्याचा झाला. लिफ्टवरून पेचकस आला, सगळ्यांसमोर झाकण उघडलं, खिशातली बॅटरी आत गेली. गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं. त्या वेळी पहिल्या टाळ्या कुणाला मिळाल्या हे मी सांगणार नाही. मलाही थोडा मत्सर ठेवू द्या.

परवा त्यांच्याकडे गेले होते. बिस्किटांचा डबा रिकामा आणि त्यात खरोखर बिस्किटं. सगळे मूळ अवयव गिटारमध्ये परत गेलेले. दिव्यांच्या भोकांवर शर्टाची बटणं शिवल्यासारखी चिकटवलेली. प्रीअँप दातांच्या डॉक्टरांना देऊन टाकलाय, केबल काढून ठेवण्याच्या दमासकट. गिटार टांगतो म्हणाला होता ती खुंटी रिकामीच.

तो वाजवत होता. हळू, जुन्या मऊ तारांवर. मी मुद्दाम आत ओरडले, "काय वहिनी, ऐकू येतंय का?"

"नाही!" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

खर्जाने माझ्याकडे अशा काही ऐटीत पाहिलं, की मी पर्स उचलली आणि दोघांचा निरोप घेतला.